तीन आकडे आणि एक मात्रा

जगातली कुठलीही गोष्ट नुसती नसते, तिच्यामागे ठिपके घातलेले तीन आकडे असतात आणि ज्याला ते वाचता येत नाहीत त्याने संसाराच्या भानगडीत पडू नये, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या आक्कांचा, नवरा. खोपोलीजवळच्या एका कागदाच्या कारखान्यात ते कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होते. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. त्या वेळी कर्जत-खालापुरात कॉम्प्युटर ही सगळ्यांनी ऐकलेली आणि कुणीच न पाहिलेली वस्तू होती. त्या खोलीत म्हणे चपला काढून जावं लागे आणि आत इतका गारठा असे की साडू भर मे महिन्यात स्वेटर घालून कामावर जात. खोपोलीच्या बाजारपेठेत उन्हाने लोक करपत असताना हातविणीचा तपकिरी स्वेटर घालून, सायकल हातात धरून चाललेला गृहस्थ दिसला, की तो आमचा साडू हे ओळखायला चष्मा लागत नसे. विचारलं तर म्हणत, "घरी ठेवला आन् इसरलो तर?"

कारखान्याने त्यांना काही महिने मुंबईला शिकायला धाडलं होतं. तिथून ते युनिक्स नावाची कॉम्प्युटर चालवायची एक विद्या आणि हे तीन आकड्यांचं वेड घेऊन परतले. त्यानंतर घरात बिनआकड्याची वस्तू उरली नाही. सायकल दोन ठिपका चार होती (तिसरा आकडा शून्य असला की ते तो गाळत), कारण चेन बदलली होती. आक्कांनी सुकटीचं कालवण वाढलं की पहिला घास तोंडात घोळवून साडू जाहीर करत, "हे तीन ठिपका एक हाय. चिंचंच्या जागी कोकम आलंय, बाकी मसाला जुनाच." त्यावर आक्का म्हणत, "आकडं चाटू नका, भाकर मोडा." पण त्यांनाही हळूहळू ती भाषा अंगवळणी पडली असावी. एकदा माझ्या बायकोला त्या सांगत होत्या, "ह्यांचा सोभाव अजून पैल्याच आकड्यावर हाय गं. नुसतं शेवटचं बदलतंय."

मी कर्जतच्या शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवणं मला खपत नसे. एका रविवारी साडू मोठ्या आनंदाने आमच्या घरी आले आणि म्हणाले, कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर आतापर्यंत एक ठिपका नऊ ही आवृत्ती होती, आता नवी आली, एक ठिपका दहा. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही पुढे कसले गेलात? मागे आलात. एक पूर्णांक नऊ दशांशापेक्षा एक पूर्णांक दहा शतांश लहान असतो. चौथीतलं पोर सांगेल." साडूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्तर, तो दशांश नाय, ठिपका हाय. गल्ली पैली, घर नववं. त्याच्या पुडचं घर कंचं?" मी म्हटलं, "दहावं." "मग पोस्टमन फुडं गेला का मागं?" आजही दशांश अपूर्णांकांचा विषय निघाला की माझी जीभ क्षणभर अडखळते, आणि तेवढ्यापुरता मला साडूंचा राग येतो.

आकड्यांइतकंच त्यांचं दुसरं वेड म्हणजे "ह्याला काय लागतं?" हा प्रश्न. बाजारातून वस्तू आणायची तर ती कितीला, कुठल्या रंगाची, हे त्यांच्या मते बायकापोरांनी बघावं. आपण बघायचं ते असं, की ही वस्तू चालायला दुसरं काय लागतं, आणि त्या दुसऱ्याला तिसरं काय. घरात टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा ते मूठ मिटून बसले आणि एकेक बोट उघडू लागले. टीव्हीला अँटेना लागतो. अँटेनाला उंच बांबू लागतो. बांबूला टेकू लागतो, आणि कारखान्याच्या क्वार्टरचं छप्पर पत्र्याचं असल्यामुळे तो टेकू शेजारच्या भिंतीचाच घ्यावा लागणार. आणि शेजारणीशी आक्कांचं नळावरून भांडण झालेलं, वर्षभर बोलणं बंद. म्हणजे टीव्हीला सगळ्यात आधी शेजारणीशी गोडी लागते. साडू दुकानात गेलेच नाहीत. शेजारी गेले, चहा प्याले, आक्कांना बोलावून घेतलं, दोघींची समजूत घातली. ती समजूत इतकी पक्की बसली की पुढे शेजाऱ्यांनी टीव्ही आणल्यावर आक्का रोज तिकडेच जाऊन बसू लागल्या, आणि यांचा टीव्ही घ्यायचा राहूनच गेला. साडूंना त्याचं वैषम्य नव्हतं. "बगा," म्हणाले, "म्हंजे टीव्ही लागतच नव्हता."

आमचे सासरे कशेळ्याच्या पुढे एका वाडीत एकटे राहत. सासूबाई आधीच गेल्या होत्या. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर सासऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गायन पार्टी काढली होती. स्वतः गाणी रचायची, स्वतःच पेटी वाजवायची, आणि कळंबपासून चौक गावापर्यंत जिथे बोलावणं येईल तिथे पायी जाऊन म्हणायची. पार्टीतले एकेक सोबती काळाने नेले, आणि शेवटी दोघंच उरले, सासरे आणि ढोलकीवाले तात्या. रोज संध्याकाळी ओट्यावर या दोघांची बैठक असे. सासऱ्यांचा आवाज काय वर्णावा, साठी उलटली तरी ओढ्यापलीकडे ऐकू जाई. तात्यांची ढोलकी मात्र नेहमी एक मात्रा मागे पडे. मला संगीतातलं कळत नाही, पण मोजता येतं. दर ओळीला ती ढोलकी पोचायला उशीर करी आणि दर गाण्यात एकदा तरी सासरे पेटीवरून हात उचलून ओरडत, "तात्या, मेल्या, कुटं रायला रं?" तात्या नुसते हसत. तेही थोडं उशिरानेच.

अशाच एका बैठकीत सासऱ्यांनी थोरल्या जावयाला विचारलं, "जावईबापू, तुमी त्या गार खोलीत बसून करता तरी काय?" दुसरा कुणी असता तर 'कॉम्प्युटर चालवतो' म्हणून मोकळा झाला असता. साडू ओट्यावर मांडी ठोकून बसले. "मामा, वाडीचा मोटा टोप हाय ना, लग्नाकार्याचा? तो कुनाचा?"

"कुनाचा म्हंजे? वाडीचा."

"घरटी एकेक टोप का नाय घेत?"

"कशाला? लागला की आनायचा, घासून परत ठेवायचा."

"तसंच हाय बगा. कॉम्प्युटरमदी धा कामं चालत्यात, पन मोटा टोप एकच. त्याला लायब्ररी म्हनत्यात. आन् त्या टोपाला आकडं असत्यात. टोपाला कल्हई केली, शेवटचा आकडा वाढवायचा. नवं झाकन केलं, मधला वाढवायचा. ज्याला झाकन नको तो पैल्यासारकाच भात शिजवंल, त्याचं काय अडत नाय. पन टोपच नवा आनला, त्याच्या कड्या बारीक निगाल्या, आन् आपला उचलायचा वासा कडीत जाईना, तर मंग पैला आकडा बदलायचा. म्हंजे आननाऱ्यानं आदीच समजायचं, वासा बी नवा लागंल."

सासऱ्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. मग म्हणाले, "म्हंजे छप्पन साली आमी पैला आकडा बदलला म्हना की."

साडू हळूच म्हणाले, "व्हय मामा."

"जुना वासा कडीत जाऊ नये म्हनूनच बदलला," सासरे म्हणाले, आणि पेटीचा भाता उघडला. तात्यांनी मान डोलावली. मी शाळेत पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण त्या साली काय झालं हे मला त्या ओट्यावर जितकं लख्ख कळलं तितकं कधी कळलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साडूंच्या कारखान्यात एक चमत्कारिक प्रकार घडला. लायब्ररीची नवी आवृत्ती आली. नुसता शेवटचा आकडा वाढलेला, म्हणजे नुसती कल्हई. साहेबांनी विचारलं आणि साडूंनीच छातीठोकपणे सांगितलं की घाला, काही होत नाही. पुढच्या आठवड्यात पाळ्यांचे कागद छापून लागले आणि अर्धा कारखाना आपल्या सुट्टीच्या दिवशी कामावर हजर झाला, उरलेला कामाच्या दिवशी घरी झोपला. साडू माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. झालं होतं असं, की जुन्या लायब्ररीत वार काढण्यात एका दिवसाची चूक होती. ती एक दिवस मागे सांगे. पाळ्यांचं काम, म्हणजे तो प्रोग्राम, ज्याने कधी काळी लिहिला त्याला ती ठाऊक असावी, म्हणून तो आपल्या बाजूने एक दिवस पुढे धरी, आणि दोघं मिळून बरोबर चालत. नव्या लायब्ररीत ती चूक सुधारली, आणि हे बिचारं काम आपलं एक दिवस पुढेच धरून बसलं. "मास्तर," साडू म्हणाले, "चूक काडली म्हनून चुकलं हो. ते काम चुकीवरच उबं व्हतं." शेवटी त्यांनी जुनी लायब्ररी शोधून नवीच्या शेजारी ठेवली. ज्याला नवी लागते त्याने नवी घ्यावी, पाळ्यांच्या कामाने जुनी. कारखाना पूर्ववत झाला. साडूंनी मात्र त्या दिवसापासून कल्हईचा धसकाच घेतला.

त्याच वर्षी सासरे विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आक्कांनी त्यांना खोपोलीला आणलं. पाय सांधला, काठी सुटली, पण सासरे गाईनात. वेळेवर जेवत, औषध घेत, विचारलं तेवढं बोलत, आणि उरलेला दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आक्कांनी माझ्या बायकोला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "बाबा सगळं करत्यात गं, गात नाय तेवडं. आय गेली त्या साली बी गायले व्हते. ह्ये काय मला बरं दिसत नाय." आणि ती दोन मुलांची आई, माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. चौदा एप्रिलची जयंती जवळ येत होती. कारखान्याच्या वसाहतीतल्या मंडळाने सासऱ्यांचं नाव कार्यक्रमात आधीच घातलं होतं, आणि सगळ्यांच्या मनात एकच होतं, की या जयंतीला ते गायले नाहीत तर पुढची जयंती ते पाहायचे नाहीत.

साडूंनी मूठ मिटली आणि बोटं उघडायला सुरुवात केली. मामांना काय लागतं? पेटी लागते. पेटी आणली. आपली खाट लागते. खाट आणली. पितळी तांब्या, विळ्याची मूठ लावलेला अडकित्ता, कांबळं, सगळं आलं. तरी आवाज फुटेना. तेव्हा साडूंनी चौक गावच्या एका टेंपोवाल्याला गाठलं आणि वाडीतल्या ओट्याचा तो बसायचा दगडच उचलून खोपोलीला आणला. टेंपोवाला वाटभर विचारत होता, "शेट, खोपोलीला धोंडे मिळत नाय का?" दगड गॅलरीत बसवला. सासरे त्याच्यावर जाऊन बसले, हाताने चाचपला आणि एवढंच म्हणाले, "ह्यो हितं कशाला आनला?"

"ढोलकी रायली!" साडूंनी शेवटचं बोट उघडलं. बॉयलर खात्यात एक तरुण कामगार होता, वसाहतीत त्याच्या तोडीचा ढोलकीवाला नव्हता. बोटं अशी पडत की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलू लागे. त्याला रविवारी बोलावलं. मी आणि बायकोही मुद्दाम गेलो होतो. सासऱ्यांना सगळ्यांनी आग्रह करून पेटीपुढे बसवलं. त्यांनी सूर धरला, पहिली ओळ म्हटली, आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी त्यांचा श्वास अडकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी पेटीचा भाता मिटला. "माजा गळा गेला," म्हणाले. "जयंतीतनं नाव काडा माजं." आणि उठून भिंतीकडे तोंड करून निजले. आक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. तो तरुण बिचारा ढोलकी कुठे लपवू अशा चेहऱ्याने बसला होता.

मी साडूंना हलक्या आवाजात म्हटलं, "पोराची चूक नाही हो. मी मोजत होतो. तालाला अगदी पक्का आहे."

"पक्का हाय," साडू म्हणाले. "पक्का हाय..." आणि एकदम माझा दंड धरून मला बाहेर ओढत म्हणाले, "मास्तर, कल्हई! मी पुन्यांदा कल्हई केली! तात्या एक मात्रा मागं असतो. मामा तेवड्यात श्वास घेत्यात. तीस वर्सं तेवड्यात घेत आलेत. आपन ती मात्राच काडून टाकली!"

आम्ही तसेच निघालो. साडूंच्या अंगात स्वेटर होता आणि एप्रिलचं ऊन होतं. खोपोलीहून कर्जत, कर्जतहून कशेळ्यापर्यंत एसटी, पुढे जीपच्या मागच्या फळीवर, आणि मग वाडी. तात्या दारात सुतळी वळत बसले होते. साडूंनी चला म्हटलं तर ते जागचे हलेनात.

"मला कशाला? तितं चांगलं पोरगं हाय म्हनं. मी आपला चुकनारा."

आम्ही सासऱ्यांना नेलं, खाट नेली, तांब्या नेला, धोंडासुद्धा नेला. या माणसाला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. साडू त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "तात्या, आमाला कळलं नाय. बोटं मोजली सगळी, पन तुमाला इसरलो." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तात्या, तुमी मागं का रायता वो?"

तात्यांनी सुतळी खाली ठेवली. "शबुद पुरा कानात आल्याबिगर माजा हात उठत नाय," ते म्हणाले. "बाकीची ताल मोजत्यात. मी आयकतो. तो काय म्हनतोय त्ये आयकायचं नाय, तर वाजवायचं कशाला?"

मी आयुष्यभर मोजत आलो होतो. तात्या आत गेले आणि ढोलकी फडक्यात गुंडाळून बाहेर आले.

क्वार्टरच्या दारात तात्यांना पाहिल्यावर सासरे खाटेवर उठून बसले. डोळे बारीक करून त्यांनी नीट खात्री करून घेतली आणि नेहमीच्याच आवाजात ओरडले, "कुटं रायला रं मेल्या?" तात्यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाले, "बोलिवलं कुनी?" आणि दोघंही रडू लागले. आक्कांनी चहा ठेवला. तो उकळून आटला तरी कुणाचं लक्ष नव्हतं, कारण गॅलरीत दगडावर बसून सासऱ्यांनी पहिली ओळ म्हटली होती, ढोलकी एक मात्रा मागून आली होती, आणि दुसरी ओळ कुठेही न अडखळता पुढे गेली होती.

जयंतीला मंचावर दोन ढोलक्या होत्या. इतरांच्या गाण्यांना बॉयलर खात्यातला तरुण आणि सासऱ्यांच्या गाण्याला तात्या. साडूंनीच तशी मांडणी केली होती. "दोनी ठेवायच्या, शेजारी शेजारी," म्हणाले. "नवी वाईट नाय. पन ज्याला जुनी लागती त्याची काडायची नाय." त्या संध्याकाळी सासरे असे गायले की मागे उभी असलेली माणसं हळूहळू पुढे येऊन बसली. साडूंनी ते शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलं. टेपरेकॉर्डर मिळाला तो अर्थात त्या जुन्या समजुतीमुळेच.

सासरे त्यानंतर आणखी काही जयंत्या गायले आणि मग गेले. त्यांच्यामागून तात्याही गेले. तिथेही थोडे उशिराने. साडू निवृत्त झाले. आता त्यांच्या घरी युनिक्सचा भाऊबंद असलेल्या लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर आहे, आणि त्याने 'अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती लागते, ती सापडत नाही' असं म्हणून काम करायला नकार दिला की साडू ते वाक्य मला फोनवर वाचून दाखवतात. "बगा मास्तर, यंत्र कसं नावासकट, आकड्यासकट सांगतं काय पायजे ते. मामांनी असं सांगितलं असतं तर धोंड्याचं भाडं वाचलं असतं." एवढं बोलून ते हसतात.

मध्यंतरी मंडळाच्या मुलांनी ती जुनी टेप कॉम्प्युटरवर चढवली. आवाज स्वच्छ झाला. एक हुशार मुलगा साडूंना म्हणाला, काका, ढोलकी सगळीकडे मागे पडलीय, म्हणाल तर एका मिनिटात जागेवर आणून देतो. साडूंनी त्याचा हात धरला. "नको रं बाळा," म्हणाले. "तिच्यावर कोन कोन उबं हाय, आपल्याला ठावं नाय."

मला वाटलं, आता कोण उभं असणार? दोघंही गेले. पण त्याच दिवाळीत साडू आणि आक्का आमच्याकडे आले होते. दोघी बहिणी आत करंज्या लाटत होत्या, आणि लाटता लाटता आपल्या बापाचं गाणं गुणगुणत होत्या. साडूंनी बोलता बोलता एकदम बोट वर केलं. मी ऐकू लागलो. पहिली ओळ संपली. आत दोन्ही लाटणी थांबली. दोघींनी कुणाची तरी वाट पाहावी तशी एक मात्रा जाऊ दिली, आणि मगच दुसरी ओळ उचलली.

साडूंनी बोट खाली घेतलं आणि स्वेटरच्या बाहीला डोळे पुसले.